मोजून दिलेल्या फेऱ्या : ‘गिलिगन्स आयलंड’च्या पुनःप्रसारणाचे मानधन, एक प्रकरण अभ्यास

अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर २६ सप्टेंबर १९६४ ते १७ एप्रिल १९६७ या काळात ‘गिलिगन्स आयलंड’ ही विनोदी मालिका तीन हंगाम चालली आणि तिचे एकूण ९८ भाग झाले. फेरफटक्याला निघालेली एक छोटी बोट वादळात सापडून निर्जन बेटाला लागते आणि तिच्यावरचे सात जण तिथे अडकून पडतात, एवढेच तिचे कथानक होते. समीक्षकांनी तिला पोरकट ठरवले. मात्र मूळ प्रसारण संपल्यावर गावोगावच्या स्थानिक केंद्रांनी ती विकत घेतली, मुले शाळेतून घरी येण्याच्या वेळेला ती रोज दाखवली जाऊ लागली आणि तिच्या जन्माच्या वेळी जन्मलेलीही नव्हती अशा पिढ्यांना ती तोंडपाठ झाली. तिच्यात काम केलेल्या सात कलाकारांना या पुनःप्रसारणांचे पैसे मिळाले ते सुरुवातीच्या मोजक्या फेऱ्यांपुरतेच. मालिका त्यानंतर दशकानुदशके विकली जात राहिली, पण त्यांच्या नावाने धनादेश निघणे बंद झाले होते.

या प्रकरणात करार कोणी मोडला नाही, हिशेब कोणी लपवला नाही आणि जे देण्याचे ठरले होते ते नाकारल्याचेही दिसत नाही. अन्याय झाला असे ज्यांना वाटते, आणि मलाही तसेच वाटते, त्यांनी तो कोणाच्या बदनियतीत शोधू नये. तो कराराच्या रचनेत होता, आणि म्हणूनच ती रचना नीट उलगडून पाहायला हवी.

गिलिगनच्या भूमिकेत बॉब डेन्व्हर होता आणि बोटीच्या कप्तानाच्या भूमिकेत ॲलन हेल ज्युनियर. श्रीमंत हॉवेल दांपत्याचे काम जिम बॅकस आणि नॅटली शेफर यांनी केले, सिनेनटी जिंजरचे टीना लुईसने, प्राध्यापकाचे रसेल जॉन्सनने आणि कॅन्ससच्या शेतावरून आलेल्या मेरी ॲनचे डॉन वेल्सने. यांपैकी बॅकस हा ‘मिस्टर मगू’ या व्यंगचित्रपटांतील आवाजामुळे आधीच घरोघरी ठाऊक होता आणि डेन्व्हरचेही दूरचित्रवाणीवर नाव झालेले होते. मालिकेचा निर्माता आणि मूळ कल्पनेचा जनक होता शेरवूड श्वार्ट्‌झ. चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ सिटी भागात, सीबीएसच्या आवारात बांधलेल्या कृत्रिम तळ्याकाठी होत असे.

कलाकाराला पुनःप्रसारणासाठी वेगळे पैसे मिळावेत ही कल्पना आपल्या वाचकाला काहीशी अपरिचित वाटण्याचा संभव आहे, कारण मुंबईतल्या मालिकांमध्ये कलाकाराचे मानधन साधारणपणे दिवसावर ठरते आणि दिवस भरला की व्यवहार संपला असे दोन्ही बाजू मानतात. भारतात २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने कलम ३८-अ आणून कलावंताच्या सादरीकरणाचा व्यापारी वापर झाल्यास त्याला रॉयल्टीचा हक्क कायद्याने मान्य केला. अमेरिकेत मात्र ही गोष्ट कायद्यातून आली नाही. ती संघटनेने वाटाघाटी करून मिळवलेल्या करारातून आली, आणि करारातून मिळालेला हक्क करारात लिहिला असेल तेवढाच असतो. सगळ्या प्रकरणाची कळ इथे आहे.

दूरचित्रवाणीच्या सुरुवातीच्या काळात बहुतेक कार्यक्रम थेट प्रसारित होत. एकदा झाले की ते हवेत विरत, त्यामुळे पुन्हा दाखवण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. मालिका फिल्मवर चित्रित होऊ लागल्यावर चित्र बदलले. फिल्मचा डबा कपाटात राहतो, त्याच्या प्रती काढता येतात आणि एकदा केलेला खर्च अनेकदा वसूल करता येतो. स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड या चित्रपट कलाकारांच्या संघटनेला यात उत्पन्नापेक्षा धोका आधी दिसला. जुना भाग दाखवून वेळ भरता येत असेल तर नवा भाग कोण काढील, आणि नवा भाग निघाला नाही तर कलाकाराला काम कुठून मिळेल? कलाकाराला स्वतःच्याच जुन्या चेहऱ्याशी स्पर्धा करावी लागणार होती. ध्वनिमुद्रित संगीतामुळे वाद्यवृंदातले लोक बेकार होतील या भीतीने संगीतकारांच्या संघटनेने चाळिशीच्या दशकात मोठा लढा दिला होता आणि तो अनुभव सर्वांच्या डोळ्यांसमोर ताजा होता. १९५२ मध्ये गिल्डने दूरचित्रवाणीसाठी चित्रित होणाऱ्या कार्यक्रमांच्या करारात पुनःप्रसारणाचे मानधन प्रथमच मिळवले. या रकमेला तिथल्या व्यवसायात ‘रेसिड्युअल’ म्हणतात.

तेव्हा मागणी कशाची होती हे बारकाईने पाहिले पाहिजे. गमावलेल्या कामाची भरपाई ही तिच्यामागची मुख्य भूमिका होती, आणि भरपाई म्हटली की ती कुठेतरी संपते. मालिका हे एक उत्पन्न देणारे धन आहे आणि कलाकार त्याचा लहानसा का होईना भागीदार आहे, ही भूमिका त्या करारात नव्हती. भागीदारी मान्य झाली असती तर उत्पन्न असेपर्यंत वाटा देणे ओघाने आले असते. भरपाईच्या तर्काने ठराविक फेऱ्या झाल्या की देणे फिटले असे धरले गेले आणि त्यापुढच्या फेऱ्या निर्मात्याला मोकळ्या झाल्या.

आता फेरी म्हणजे काय ते पाहू, कारण कलाकाराचे नशीब या मोजणीत अडकलेले होते. अमेरिकेत मूळ वाहिनीवरचे प्रसारण आटोपल्यावर मालिका ‘सिंडिकेशन’मध्ये जाते, म्हणजे वितरक तिचे सर्व भाग एकगठ्ठा करून निरनिराळ्या शहरांतील केंद्रांना स्वतंत्रपणे विकतो. संघटनांच्या करारांतील व्याख्येनुसार एखादा भाग कोणत्याही एका शहरात दुसऱ्यांदा दाखवला गेला की ती त्या भागाची दुसरी फेरी, कोणत्याही एका शहरात तिसऱ्यांदा दाखवला गेला की तिसरी. तोच भाग शिकागोत, डेन्व्हरमध्ये, अटलांटात आणि आणखी शंभर शहरांत दुसऱ्यांदा दाखवला गेला तरी कलाकाराच्या हिशेबात ती मिळून एकच फेरी धरली जाते. वितरकाला प्रत्येक शहराकडून वेगळी किंमत मिळते, कलाकाराला मात्र सगळ्या शहरांचे मिळून एकदाच. म्हणजे फेऱ्यांची संख्या ठरवताना सर्वात घाईने दाखवणारे एकच केंद्र पुरेसे असते आणि बाकी सारा देश त्याच्या मागून त्याच पैशात येतो.

दुसरी बाब दराची. सिंडिकेशनचे हे मानधन कलाकाराला प्रत्यक्ष मिळणाऱ्या पगारावर मोजले जात नसे. ते संघटनेने ठरवलेल्या किमान दराच्या टक्केवारीत असे आणि फेरीगणिक ती टक्केवारी खाली येत जाई. नामवंत कलाकाराने मूळ पगार घासाघीस करून वाढवून घेतला तरी पुनःप्रसारणाच्या हिशेबात, वेगळी अट घातलेली नसेल तर, तो किमान दराच्या रांगेतच उभा राही.

या दोन नियमांना सिंडिकेशनच्या नेहमीच्या पद्धतीशी जोडून पाहिले की काय होते ते समजते. स्थानिक केंद्रे अशी मालिका आठवड्यातून एकदा दाखवत नाहीत, ती सोमवार ते शुक्रवार रोज एका ठरलेल्या वेळी लावतात. म्हणूनच शंभराच्या आसपास भाग असलेल्या मालिकेला या बाजारात मागणी असते, कारण तेवढ्या भागांत काही महिने पुनरावृत्तीशिवाय निघतात. ‘गिलिगन्स आयलंड’चे ९८ भाग आठवड्याला पाच या गतीने दाखवले तर संपूर्ण मालिका वीस आठवड्यांत संपते आणि एकविसाव्या आठवड्यात बोट पुन्हा बंदरातून निघते. या हिशेबाने वर्षात अडीच फेऱ्या होतात. मालिका १९६७ मध्ये सिंडिकेशनमध्ये गेली. देशातल्या एखाद्याच केंद्राने ती अशी सलग चालवली तर पाच फेऱ्या दोन वर्षांच्या आत पुऱ्या होतात आणि करारातली मर्यादा दहा फेऱ्यांची धरली तरी चार वर्षांच्या आत. उन्हाळ्यात मूळ वाहिनीच जुने भाग पुन्हा दाखवत असे, ते यात धरलेलेच नाहीत. म्हणजे उदारातला उदार हिशेब केला तरी १९७१ च्या सुमारास या सात जणांचे खाते बंद होते, आणि मालिकेची खरी कमाई तर त्यानंतर सुरू होणार होती.

करारावर सही करताना हे कोणाला का दिसले नाही, असा प्रश्न आज विचारणे सोपे आहे. १९६४ मधल्या माणसाच्या जागी बसून पाहिले तर मोजक्या फेऱ्यांची मर्यादा वाजवी वाटण्यासारखीच होती. पहिल्या हंगामाचे ३६ भाग कृष्णधवल होते आणि अमेरिकी वाहिन्या रंगीत प्रसारणाकडे वळत होत्या, तेव्हा जुन्या कृष्णधवल भागांना काही वर्षांनी कोण विचारणार असा समज होता. वाहिन्या तीनच होत्या. एकच विनोद माणूस पुनःपुन्हा पाहील यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. शिवाय मालिका चालू असताना कलाकाराचे लक्ष पुढच्या हंगामाकडे असते. चौथा हंगाम मिळणार असे तोंडी सांगितले गेल्यावर काहींनी स्टुडिओजवळ घरे घेतली होती. पण सीबीएसने बंद करायला काढलेली ‘गनस्मोक’ ही काउबॉय मालिका वाहिनीचे सर्वेसर्वा विल्यम पेली यांच्या आग्रहामुळे परत आली, तिला जागा करून देण्यासाठी ‘गिलिगन्स आयलंड’ वगळली गेली आणि सात कलाकार एकाएकी मोकळे झाले.

त्यानंतरच्या दहा वर्षांत जे घडले त्याने सगळे जुने अंदाज उलटवले. १९६२ च्या कायद्याने दूरचित्रवाणी संचांना यूएचएफ लहरी, म्हणजे नेहमीच्या वाहिन्यांपलीकडची जास्तीची केंद्रे ज्यांवरून प्रसारण करीत त्या लहरी, पकडता येणे सक्तीचे केले आणि १९६४ पासूनचे नवे संच तसे येऊ लागले, त्यामुळे कोणत्याही मोठ्या वाहिनीशी न जोडलेल्या स्वतंत्र केंद्रांना प्रेक्षक मिळू लागला. या केंद्रांकडे नवे कार्यक्रम काढण्याइतका पैसा नव्हता आणि दिवसभराचा वेळ मात्र भरायचा होता. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने आणलेल्या नियमाने मोठ्या शहरांतील वाहिनीसंलग्न केंद्रांवर संध्याकाळच्या ठराविक वेळी वाहिन्यांच्या जुन्या मालिका दाखवण्यास मज्जाव केला, तेव्हा त्याच वेळेत त्या दाखवण्याचे रान स्वतंत्र केंद्रांना मोकळे मिळाले. १९७६ च्या अखेरीस टेड टर्नरने अटलांटातील आपले केंद्र उपग्रहावरून देशभरच्या केबलवर नेले आणि जुन्या मालिकांना आणखी एक कायमचे घर झाले. टर्नरच्या काळात तर ‘गिलिगन्स आयलंड’च्या कृष्णधवल भागांत संगणकाने रंगही भरले गेले. ज्या फिल्मची किंमत उतरत जाणार असे गृहीत धरले होते ती दर दशकाला नव्याने विकली जात होती, आणि कलाकाराच्या वाट्याच्या फेऱ्या मात्र केव्हाच संपलेल्या होत्या.

गिल्डला हे दिसत होते. १९७४ च्या करारात तिने मर्यादा काढून टाकली आणि दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे पुनःप्रसारण होत राहील तोवर मानधन मिळत राहील, असे ठरवून घेतले. १ जुलै १९७४ ही तारीख त्यामुळे या व्यवसायात सीमारेषेसारखी झाली. नियम पुढे लागू झाला, मागे नाही. त्या वेळी चालू असलेल्या मालिकांचे नवे भाग नव्या नियमात आले, आधी चित्रित झालेले भाग जुन्याच राहिले. त्यामुळे १९७२ ते १९८३ चाललेल्या ‘मॅश’सारख्या मालिकेत सुरुवातीच्या आणि नंतरच्या भागांना वेगवेगळी कलमे लागतात, मग पडद्यावर माणसे तीच का असेनात.

हा करार झाला तेव्हा गिल्डचा अध्यक्ष होता डेनिस वीव्हर. १९५५ ते १९६४ या काळात ‘गनस्मोक’मध्ये चेस्टरचे काम करून तो प्रसिद्ध झाला होता. त्याने चेस्टर म्हणून केलेले सारे काम सीमारेषेच्या अलीकडचे होते. आपल्या सर्वात गाजलेल्या भूमिकेला ज्याचा काही उपयोग नाही असा करार त्याच्या कारकिर्दीत झाला, ही गोष्ट मला नोंदवून ठेवावीशी वाटते, कारण आधीच्या पिढीने स्वतःचा स्वार्थ पाहिला असा आरोप अशा वेळी सहज होतो.

सीमारेषा किती निर्दय असू शकते याचे उदाहरण श्वार्ट्‌झच्याच दुसऱ्या मालिकेत सापडते. ‘द ब्रेडी बंच’ ही मालिका एबीसी वाहिनीवर १९६९ मध्ये सुरू झाली, तिचे ११७ भाग झाले आणि शेवटचा भाग ८ मार्च १९७४ रोजी दाखवला गेला. नव्या नियमाला चार महिनेही उरले नव्हते. तिच्यातली सहा मुले पुढे अमेरिकेतल्या सर्वात जास्त वेळा पाहिल्या गेलेल्या चेहऱ्यांत मोडली, आणि त्यांचेही मानधन ठरलेल्या फेऱ्यांनंतर थांबले.

तारीख वेगळी असती तर किती फरक पडला असता, हे समजण्यासाठी एक साधे गणित मांडता येते. आजच्या उतरंडीनुसार सिंडिकेशनमध्ये दुसऱ्या फेरीला किमान दराच्या ४० टक्के, तिसरीला ३०, चौथी ते सहावीला प्रत्येकी २५, सातवी ते दहावीला १५, अकरावी आणि बारावीला १० आणि तेराव्या फेरीपासून पुढे कायम ५ टक्के मिळतात. हिशेबाच्या सोयीसाठी किमान दर भागाला १,००० डॉलर धरला तर बारा फेऱ्यांपर्यंत एका भागामागे २,२५० डॉलर होतात आणि त्यापुढे प्रत्येक फेरीला ५० डॉलर. पन्नास डॉलर ही रक्कम हसण्यावारी नेण्याजोगी दिसते, पण ९८ भागांत काम केलेल्या कलाकाराला त्या एका फेरीचे ४,९०० डॉलर होतात आणि वर्षाला अडीच फेऱ्या धरल्या तर १२,००० च्या वर. ही श्रीमंती नव्हे. काम नसलेल्या वर्षी घरभाडे निघावे, औषधपाणी व्हावे, एवढा हा आधार आहे, आणि वय झालेल्या नटाला नेमका तोच हवा असतो. अर्थात एखाद्याच भागात लहानसे काम केलेल्याला यातून कधी कधी डॉलरभराचाही धनादेश येत नाही. स्टुडिओ सिटीतच ‘रेसिड्युअल्स’ नावाचा एक बार होता, तिथे एका डॉलरच्या आतला असा धनादेश दाखवला की पेय फुकट मिळे आणि तो धनादेश भिंतीवर लागे.

मग पैसा गेला कुठे? जिथे मालकी होती तिथे. मालिकेच्या निर्मितीत ‘ग्लाडास्या प्रॉडक्शन्स’ या कंपनीचे नाव आहे आणि ती कंपनी होती फिल सिल्व्हर्स या विनोदी नटाची. सिल्व्हर्सने या मालिकेच्या एकाच भागात काम केले. बेटावर येऊन पडणाऱ्या एका चित्रपट निर्मात्याची ती भूमिका होती. पडद्यावर तो सातांच्या तुलनेत नगण्य वेळ दिसला, परंतु मालिकेत भांडवल घातलेल्या कंपनीचा मालक म्हणून कमाईत त्याचा भाग होता आणि त्या भागाला फेऱ्यांची मर्यादा नव्हती. नट असणे आणि मालक असणे यांतले अंतर याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला आढळलेले नाही. डॉन वेल्सने २०१६ मध्ये ‘फोर्ब्स’ला सांगितले होते की पुनःप्रसारणांमुळे आम्ही पैशात लोळत असू असा लोकांचा गैरसमज आहे, प्रत्यक्षात हाती म्हणावे असे काही आले नाही, तिचा पगार आठवड्याला ७५० डॉलर होता, आणि श्वार्ट्‌झने नुसत्या पुनःप्रसारणांवर नऊ कोटी डॉलर मिळवल्याचे ऐकिवात आहे, असेही ती म्हणाली होती. नऊ कोटींचा आकडा तिने ऐकीव म्हणून सांगितला आणि आपणही तो तसाच घ्यावा. त्यामागची तक्रार मात्र करारांच्या रचनेशी पूर्णपणे जुळते.

मालकीचा मार्ग कलाकारांना मुळातच बंद होता असे नाही. १९५१ मध्ये ‘आय लव्ह लूसी’ सुरू करताना ल्युसिल बॉल आणि डेसी आर्नाझ यांनी मालिका न्यूयॉर्कहून थेट प्रसारित न करता हॉलिवूडमध्ये फिल्मवर काढण्याचा आग्रह धरला, वाढीव खर्चापोटी स्वतःच्या पगारात कपात मान्य केली आणि बदल्यात फिल्मची मालकी आपल्या देसीलू कंपनीकडे ठेवली. पुढे ते भाग सीबीएसला लक्षावधी डॉलरना विकले गेले. परंतु हे दोघे मालिकेचे सर्वस्व होते, त्यांच्यावाचून मालिका निघणेच शक्य नव्हते. आठवड्याला ७५० डॉलरवर काम करणारी नवोदित अभिनेत्री निर्मात्याला अशी अट घालू शकत नाही.

तिला जे शक्य होते त्याचा नमुना ‘द हनीमूनर्स’मध्ये मिळतो. जॅकी ग्लीसनच्या या मालिकेचे १९५५-५६ च्या हंगामात ३९ भाग फिल्मवर निघाले आणि ते पुढे अखंड दाखवले गेले. चार मुख्य कलाकारांपैकी ॲलिसचे काम करणाऱ्या ऑड्री मेडोज हिचा भाऊ वकील होता. भाग पुन्हा दाखवले गेल्यास तिला पैसे मिळावेत असे कलम त्याने तिच्या करारात घालून घेतले. त्या ३९ भागांच्या पुनःप्रसारणाचे मानधन कलाकारांपैकी केवळ तिलाच मिळत राहिले, आर्ट कार्नीला नाही आणि ट्रिक्सीचे काम करणाऱ्या जॉयस रॅन्डॉल्फलाही नाही. चौघांनी एकाच खोलीच्या नेपथ्यात, एकाच प्रेक्षकासमोर, सारखीच मेहनत केली होती. एकीच्या घरात वकील होता, बाकीच्यांच्या नव्हता. संघटनेचा करार का लागतो याचे उत्तर या एका गोष्टीत आहे: घरात वकील नसलेल्यालाही ते कलम मिळावे म्हणून.

‘गिलिगन्स आयलंड’च्या कलाकारांची हानी पुनःप्रसारणाच्या पैशापुरती नव्हती, हेही हिशेबात धरले पाहिजे. रोज दुपारी लाखो घरांत दिसणाऱ्या माणसाला दुसऱ्या भूमिकेत घ्यायला निर्माते धजावत नाहीत. पुनःप्रसारणामुळे काम बुडेल ही १९५२ मधली भीती त्यांच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरली, आणि तिच्यासाठीच ठरवलेली भरपाई काम बुडणे चालू असतानाच संपली. ॲलन हेलने लॉस एंजेलिसमध्ये लॉबस्टरचे उपाहारगृह काढले आणि तिथे तो कप्तानाची टोपी घालून पाहुण्यांचे स्वागत करीत असे. इतर जण मेळाव्यांना, जाहीर कार्यक्रमांना जात. १९७८ मध्ये एनबीसीने बेटावरच्या लोकांच्या सुटकेवर दूरचित्रवाणीपट काढला, त्याला प्रचंड प्रेक्षक लाभला आणि १९७९ व १९८१ मध्ये आणखी दोन निघाले. टीना लुईस त्यांत परतली नाही. त्या तीन चित्रपटांचे काम १९७४ नंतरचे असल्यामुळे ते नव्या नियमांखाली आले. ज्या ९८ भागांमुळे ते निघू शकले ते मात्र नियमाबाहेरच राहिले. डॉन वेल्सवर उतारवयात आर्थिक संकट आले तेव्हा २०१८ मध्ये तिच्यासाठी लोकवर्गणी काढावी लागली आणि तिच्या चाहत्यांनी ती भरली. डिसेंबर २०२० मध्ये कोविडने तिचे निधन झाले.

न्यायालयाची वाट होती का? १९८१ मध्ये मिकी रूनी या चित्रपट नटाने जुन्या चित्रपटांच्या दूरचित्रवाणी प्रसारणाचे पैसे मिळावेत म्हणून न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात स्टुडिओंवर दावा लावला आणि तो टिकला नाही. जुन्या करारांत कलाकाराने आपल्या कामाचे हक्क इतक्या व्यापक शब्दांत कंपनीला दिलेले असत की पुढे निघणाऱ्या माध्यमालाही ते लागू होत. रूनीच्या दाव्याच्या मुळाशी १९६० ची तडजोड होती. रोनाल्ड रेगन गिल्डचा अध्यक्ष असताना त्या वर्षी ७ मार्चला कलाकारांनी संप केला, तो सुमारे सहा आठवडे चालला आणि शेवटी १९६० पासूनच्या चित्रपटांना दूरचित्रवाणीवरील प्रदर्शनाचे मानधन मिळाले. आधीच्या चित्रपटांवर पाणी सोडावे लागले आणि त्या बदल्यात निर्मात्यांनी कलाकारांच्या निवृत्तिवेतन व आरोग्य निधीसाठी साडेबावीस लाख डॉलर दिले. चाळिशीच्या दशकातल्या ताऱ्यांना ही फसवणूक वाटली, आणि रूनी त्यांतला सर्वात बोलका होता. तरीही माझ्या मते त्या तडजोडीतील निधीची कल्पना १९७४ च्या नुसत्या तारखेपेक्षा अधिक शहाणपणाची होती. ज्यांना वैयक्तिक हक्क मागे जाऊन देता येत नाही त्यांना सामायिक निधीतून म्हातारपणी इस्पितळाचे बिल भरून देता येते. जुन्या मालिकांच्या प्रत्येक नव्या विक्रीतून अशा निधीत ठराविक हिस्सा पडत राहिला असता तर वितरकाला तो जाणवलाही नसता.

हाच प्रश्न २०२३ मध्ये नव्या रूपात समोर आला. स्ट्रीमिंग सेवांवर फेऱ्याच नसतात, कारण भाग सदैव उपलब्ध असतो आणि कोणी किती वेळा पाहिला हे तोवर फक्त कंपनीला ठाऊक असे. तिथे कलाकाराला मिळणारी ठराविक रक्कम मालिका किती पाहिली गेली यावर अवलंबून नव्हती. १४ जुलै ते ९ नोव्हेंबर २०२३ असा ११८ दिवसांचा संप करून सॅग-आफ्ट्रा या गिल्डच्याच आजच्या रूपातील संघटनेने लोकप्रियतेचा बोनस मिळवला: एखादी मालिका पहिल्या ९० दिवसांत सेवेच्या देशांतर्गत ग्राहकसंख्येच्या किमान २० टक्क्यांइतकी पाहिली गेली तर ठरलेल्या मानधनाएवढीच रक्कम आणखी द्यावी लागते. या बोनसचे ७५ टक्के त्या मालिकेतील कलाकारांना जातात आणि २५ टक्के एका सामायिक निधीत जमा होतात, ज्यातून स्ट्रीमिंगवर काम करणाऱ्या इतर कलाकारांनाही वाटा मिळू शकतो.